एसीच्या पाण्याची सोसायटी

आमच्या घरमालकांना साधं बोलता येत नसे. चहा हवा असला की ते म्हणायचे, "चहाबाबत विचार व्हावा." जेवण आवडलं तर "सर्वानुमते मंजूर". भाजीत मीठ कमी पडलं तर ती भाजी पुढच्या सभेपर्यंत तहकूब व्हायची आणि ते भाकरी दुधात कुस्करायचे. त्यांची सगळी नोकरी एका सहकारी सोसायटीच्या सचिवपदावर गेली होती. निवृत्तीनंतर सोसायटी सुटली, सचिवपद सुटलं नाही. धारूरच्या बाजारपेठेत सगळे त्यांना सेक्रेटरीसाहेब म्हणत. मीही म्हणायची.

निरोप समारंभात त्यांना सभेची पितळी घंटी भेट मिळाली होती. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते आधी ती वाजवत. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या म्हणायच्या, "देव्हाऱ्यात घंटी न्हाई, आन् ह्यांच्या उशाला हाय."

सेक्रेटरींना एकाच गोष्टीचा गर्व होता. त्यांच्या काळात सोसायटीची एकही निवडणूक झाली नाही. सगळ्या बिनविरोध. दुसरं पॅनल उभं राहतंय असं कळलं की ते त्या माणसाला घरी बोलवायचे, समोर बसवायचे आणि तो अर्ज मागे घेईपर्यंत चहा पाजायचे. काकूंच्या मते निम्म्या लोकांनी पित्त वाढल्यामुळे माघार घेतली होती.

त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या माझ्याकडे भाड्याने होत्या. तिथे माझी रक्त-लघवी तपासायची लॅब होती. सकाळी खेड्यापाड्यांतून माणसं उपाशीपोटी येऊन ओट्यावर बसायची. तेवढा वेळ सेक्रेटरी बाहेर चहा पीत नसत. "उपाशी सभासदांपुढं पदाधिकाऱ्यानं खाऊ नाही," असं ते म्हणत. हा माणूस त्रासदायक होता, पण वाईट नव्हता. हे आत्ताच सांगते, कारण पुढे तसं वाटणार नाही.

ब्लूबेरीचं खूळ पुण्याहून आलं. मुलीकडे गेले असताना तिने प्लास्टिकच्या डबीतली फळं त्यांच्यापुढे ठेवली. परत आल्यावर ते ओट्यावर बसून जो भेटेल त्याला सांगत होते, "करवंदच हाय. फक्त चीक न्हाई, काटा न्हाई आन् बी लागत न्हाई." पुढच्या वेळी ते मुलीला घेऊन नर्सरीतच गेले आणि येताना तीन झुडपं घेऊन आले.

मी त्यांना म्हटलं होतं, "साहेब, सीताफळ लावा. आपल्या डोंगरात ते काही न करता येतं."

ते म्हणाले, "जे आपोआप येतं त्याला सचिव कशाला लागतो?"

नर्सरीवाल्याने त्यांना सगळं नीट सांगितलं होतं. आपल्याकडे थंडी बेताची, म्हणून कमी थंडीत फुलणारी जात घ्या. जमिनीत लावू नका, मोठ्या कुंड्यांत लावा. आपली काळी माती या झाडाला विषासारखी, त्याला आंबट माती लागते, तेव्हा नारळाचा भुसा आणि पाइनची साल भरा. बोअरचं पाणी देऊ नका, पावसाचं द्या. आणि एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगवेगळ्या जाती शेजारीशेजारी ठेवा, एकीचे परागकण दुसरीला मिळाले की फळ जास्त धरतं आणि मोठं होतं.

सेक्रेटरींनी शेवटचं सोडून सगळं ऐकलं. तिन्ही झुडपं एकाच जातीची घेतली. नर्सरीवाला मागे लागला, मुलगी मागे लागली. हे म्हणाले, "मी घरात दोन पॅनल होऊ देणार न्हाई."

ऐकलं म्हणते, तेही अर्धवटच. प्लास्टिकचे ड्रम कापून त्यांनी झकास कुंड्या केल्या, आणि मग भुशात निम्मी काळी माती मिसळली. त्यांचं म्हणणं असं की बाहेरून माणूस आणायचा आणि त्याला गावाचा हातच लागू द्यायचा नाही, हे सहकारात बसत नाही. महिन्याभरात पानं फिकी पडली. तेव्हा ते लॅबमध्ये आले, हातात चिखलाची वाटी.

"मॅडम, हिचा रिपोर्ट पाहिजे."

माझ्याकडे लघवी तपासायच्या पट्ट्या होत्या. त्यांच्यावर आम्लतेचाही एक चौकोन असतो. वाटीत पाणी ढवळून, गाळून मी पट्टी बुडवली. आम्लतेचा चौकोन हिरव्यावरून निळ्याकडे गेला. माती आंबट नव्हतीच, उलट खारट बाजूची होती. ते मी सांगितलं. पण त्यांनी बाकीचे चौकोनही वाचायला लावले. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की सेक्रेटरींच्या मातीत शुगर नाही, प्रोटीन नाही, आणि कावीळही नाही.

मग आंबटपणाची मोहीम निघाली. कुंड्यांत ताक पडलं. काकूंच्या घरात कढी बंद झाली. मुंग्या आल्या, पाठोपाठ गल्लीतली कुत्री येऊन कुंड्या चाटायला लागली. शेवटी त्यांनी नर्सरीवाल्याला फोन केला, त्याच्या शिव्या खाल्ल्या, काळी माती काढून टाकली, मुळं धुतली आणि त्याने सांगितलं तसं सगळं पुन्हा भरलं. पत्र्याचं पावसाचं पाणी टाकीत साठवायला सुरुवात केली. झुडपं सावरली. थंडीच्या शेवटी त्यांना पांढरी, तोंड मिटलेली, टांगलेल्या घंटीसारखी फुलं आली. सेक्रेटरींनी मला हात धरल्यासारखं ओढत नेऊन ती दाखवली. "बघा. घंटी. हे झाड आपल्याच लायनीतलं हाय."

फुलं भरपूर आली, फळं चारदोनच धरली, तीही ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. सेक्रेटरींनी ती खाल्ली आणि काही बोलले नाहीत. काकू बोलल्या. "अख्खी नोकरी बिनविरोध केली, आता झाडंबी बिनविरोध. मग फळ कावून येईल?"

आता एसीचं. माझ्या मशीनला गारवा लागतो, म्हणून लॅबमध्ये एसी होता. त्याच्या पाण्याची नळी मागच्या भिंतीतून त्यांच्या परसात निघायची. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी की त्या नळीतून काही यायचं नाही. तेव्हा सेक्रेटरींना वाटायचं, भाडेकरू सुधारली. पावसाळा लागला, हवेत दमटपणा आला की नळी ठिबकायला लागायची आणि त्यांचं डोकं फिरायचं. नळीखाली त्यांची दुपारची खुर्ची होती. खुर्ची हलवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. मी म्हटलं, नळी लांबवून मोरीत सोडते. तर भिंत त्यांची, तिला छिद्र नको. मी बादली ठेवली. ती त्यांनी उचलून माझ्या दारात आणून ठेवली.

"बादली ही तात्पुरती उपाययोजना झाली," ते म्हणाले. "तात्पुरत्या उपाययोजनांनी संस्था बुडतात."

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आषाढात ढग यायचे, किल्ल्याच्या अंगाने उतरायचे, दिवसभर डोक्यावर बसायचे आणि संध्याकाळी निघून जायचे. घामाने अंग चिकट व्हायचं, थेंब पडायचा नाही. सगळ्या धारूरात पाणी पडत होतं ते फक्त माझ्या एसीच्या नळीतून, आणि ते सेक्रेटरींच्या फरशीवर. फरशीवर शेवाळ धरलं. एका दुपारी खुर्चीतून उठताना ते त्यावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं.

प्लास्टर घातलेला हात गळ्यात, दुसऱ्या हातात घंटी, असे ते माझ्या दारात उभे राहिले. ओट्यावर चार पेशंट होते. त्यांनी घंटी वाजवली.

"ठराव असा की, भाडेकरूंनी दसऱ्यापर्यंत जागा रिकामी करावी. सूचक मी. अनुमोदक माझं मनगट. ठराव मंजूर."

पेशंट हसले. मी हसले नाही. तो माणूस बोललेला ठराव मोडत नसे, हे मला माहीत होतं.

दसरा ही तारीख त्यांनी सहज दिली, पण माझ्या दृष्टीने ती सगळ्यांत वाईट होती. आमच्या भागातल्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. निघण्याआधी पोटुशा बाया रक्त तपासून जातात, कारण पुढचे पाच-सहा महिने त्या कुठल्या फडात असतील याचा भरवसा नसतो. ही माझी सुगी, आणि सुगी सोडा, त्या बायांचंही तेवढंच तपासणं होतं. मी दुसरी जागा पाहिली. बाजारात तळमजल्याला काही नव्हतं. मिळाली ती किल्ल्याकडच्या चढावर, जिना चढून. ज्या बाईच्या अंगात रक्त नाही म्हणून ती माझ्याकडे येणार, तिला मी आधी चढ आणि मग जिना चढायला लावणार होते. तरी त्या जागेला मी होकार कळवला. रडून उपयोग नव्हता. सामान भरायला खोकी आणली.

श्रावणही तसाच गेला. गल्लीत टँकर यायला लागला. पाणीवाटपाच्या कमिटीवर अर्थातच सेक्रेटरी. मोडका हात घेऊन ते टँकरपाशी उभे राहायचे, घंटी वाजवून एकेक घर पुढे बोलवायचे. काकूंचा नंबर शेवटी. एकदा मागच्या गल्लीतला एक जण ओरडला, "आमाला प्यायला न्हाई आन् सेक्रेटरी झुडपाला घालतोय बे." सेक्रेटरींनी त्याला परसात नेलं आणि जवळच्या दोन कुंड्यांत हात घालायला लावला. भुसा कोरडा ठणठणीत होता. टाकीतलं पावसाचं पाणी कधीच संपलं होतं. टँकरचा एक तांब्याही ते झाडांना देत नव्हते. घरात भांडी विसळलेलं पाणी उरायचं तेवढं द्यायचे. तेही टँकरने आणलेलं बोअरचंच, क्षाराचं. पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. एके सकाळी ते मला म्हणाले, "मॅडम, सभासद आजारी हायेत." पहिल्यांदाच त्यांचा आवाज सचिवाचा वाटला नाही.

एक झुडूप मात्र टवटवीत होतं. कोपऱ्यातलं, तुळशीजवळचं.

सेक्रेटरींनी त्यावर बराच विचार केला आणि निष्कर्ष काढला की तुळशीची संगत मानवते. मग एका हाताने आणि माझ्या मदतीने बाकीच्या दोन कुंड्या सरकवून तुळशीजवळ नेल्या. काही फरक पडला नाही. कोपऱ्यातलं हिरवंच, बाकीची पिवळीच. दसरा चार-पाच दिवसांवर आला होता. माझी निम्मी खोकी भरून झाली होती. तेव्हा ते पुन्हा वाटी घेऊन आले. या वेळी तीन वाट्या.

"शेवटचे रिपोर्ट करून द्या. नवीन भाडेकरू रक्तवाला असल का न्हाई, काय सांगावं."

मी पट्ट्या बुडवल्या. दोन वाट्या खाऱ्या. कोपऱ्यातल्या झाडाची आंबट, झाडाला हवी तशी. मी काकूंकडे पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या आणि पदराने तोंड पुसत होत्या. घाम नव्हता.

बादली माझ्या दारात आल्यापासून मी ती काही वापरली नव्हती. काकूंनी मागून नेली होती. सेक्रेटरी दुपारी डोळा लागून घोरायला लागले की त्या खुर्चीच्या पाठीमागे, नळीखाली बादली सरकवायच्या आणि ते जागे व्हायच्या आत कोपऱ्यातल्या कुंडीत ओतून यायच्या. ते घसरले, त्या दिवशी त्या बाजारात गेल्या होत्या. हे मला ठाऊक होतं. मी मध्ये पडले नव्हते. पण आता खोकी भरून झाली होती आणि सांगून माझं काही जाणार नव्हतं.

"साहेब, ते झाड तुळशीवर जगलेलं नाही. माझ्या एसीच्या पाण्यावर जगलंय. ते पाणी पावसासारखंच, त्यात क्षार नसतात."

सेक्रेटरी खाली बसले. पेशंटच्या बाकावर. तिन्ही वाट्या त्यांनी पुढ्यात ओढल्या. मला वाटलं, आता काकूंची खैर नाही.

"हे पाणी कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"एसीचं."

"एसी कुणाचा?"

"माझा."

"एसी पाणी आणतो कुठून?"

"हवेतून."

"हवा कुणाची?"

आता हे मी कसं सांगणार? "गावाची असेल," मी म्हटलं.

"मंजे हवा गावाची, मशीन तुमचं, भिंत माझी." ते स्वतःशीच बोलत होते. "मग हे पाणी कुण्या एकाचं न्हाईच. हे सहकारी पाणी हाय."

"आन् बादली मी लावली," काकू दारातून म्हणाल्या. "वाहून मी नेली. माझा शेअर कुठं हाय?"

"चार भागधारक," सेक्रेटरी म्हणाले. मग माझ्या खोक्यांकडे बघून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "पण तुमी तर चाललात."

"मी कुठे चालले? तुम्ही काढताय."

"ठराव झालेला हाय."

"ठराव तुमचाच."

"मंजूर ठराव सचिवाला रद्द करता येत न्हाई, मॅडम. त्याला सभा लागती." ते उठले, आत गेले आणि घंटी घेऊन आले.

सभा माझ्या लॅबमध्ये झाली. हजर तिघं. गाव गैरहजर. मागचा ठराव रद्द करण्याचा विषय त्यांनी मांडला आणि म्हणाले, "पहिल्या ठरावाचा सूचक मीच होतो. रद्द करायला सूचक दुसरा पाहिजे. भाडेकरू हितसंबंधी हाय, तिला चालत न्हाई." मग त्यांनी काकूंकडे पाहिलं.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना सभा नीट कळत होती. त्यांनी घाई केली नाही. त्या क्षणी माझी लॅब, बायांचा चढ, भरलेली खोकी, सगळं त्या बाईच्या तोंडी होतं.

"मी सूचक व्हायला तयार हाय," काकू म्हणाल्या. "पर माझी उपसूचना हाय."

"मांडा."

"दुसऱ्या जातीचं झाड आणा."

"घरात विरोधी पॅनल?"

"घरात मी हाय की. चाललाच ना संसार?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी सिरिंजच्या खोक्यावरची चिकटपट्टी बघत बसले. पित्त वाढवणारा चहा इथे उपयोगाचा नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हळूच घंटी वाजवली.

"उपसूचनेसह मंजूर."

मी त्याच संध्याकाळी खोकी उघडली. चढावरच्या जागेला नकार कळवला. दसऱ्याला सेक्रेटरी आपट्याची पानं घेऊन आले तेव्हा लॅबच्या ओट्यावर बाया रांगेत बसल्या होत्या आणि माझी मान वर करायलाही फुरसत नव्हती. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नसेल.

त्यानंतर मात्र नवाच त्रास सुरू झाला. ज्या नळीपायी त्यांनी मला घराबाहेर काढलं होतं, तिच्यावर आता त्यांचा डोळा असायचा. हवा जरा निवली म्हणून मी एसी बंद केला की खिडकीत त्यांचं डोकं यायचं. "मॅडम, उत्पादन थांबलंय." खुर्ची त्यांनी स्वतः उचलून भिंतीपासून लांब नेली. नळीखाली मोठं पातेलं आलं. त्यावर धूळ पडू नये म्हणून काकूंच्या जुन्या साडीचं फडकं आलं.

थंडीत नवं झाड आलं. ते विरोधी पॅनल म्हणून त्यांनी आधी लांब ठेवलं होतं. काकूंनी ते मधोमध आणलं. फुलं आली, मधमाश्या आल्या, आणि या वेळी फळांचे घोस लागले. आधी हिरवे, मग जांभळट, मग निळे, वर पिठी शिंपडल्यासारखे. सेक्रेटरी रोज एकेक फळ हलकेच चिमटीत धरून बघायचे. सहज सुटलं तरच तोडायचे. "ओढून घेतलेला राजीनामा आंबट लागतो," असं म्हणायचे. हा त्यांनी लावलेला शोध मी नंतर स्वतः तपासला, खरा आहे.

पहिल्या तोडणीचे चार वाटे झाले. घराचा, काकूंचा, लॅबचा आणि गावाचा. गावाचा वाटा कुणाला द्यायचा यावर त्यांनी दोन दिवस घालवले. मग एका सकाळी वाटी घेऊन ओट्यावर आले. टोळ्या परत यायला लागल्या होत्या. कारखान्यावरून नुकतीच आलेली एक बाई रक्त देऊन, दंड दाबून बसली होती. कडेला तान्हं पोर. जाण्याआधी तिला मीच तपासलं होतं. वाटी तिच्यापुढे आली.

तिने एक फळ तोंडात टाकलं, चावलं, दुसरं टाकलं.

"करवंदं हायती व्हय? बिया कुठं गेल्या?"

"बिया पुण्यालाच राहिल्या," सेक्रेटरी म्हणाले. "खा. हवेचा शेअर हाय तुझा."

तिला काही कळलं नाही. तिने वाटी संपवली.

पुढचा पावसाळा चांगला लागला. आठवडाभर झड होती. पत्र्याचं पाणी टाकीत मावेना, कडेने सांडून परसातून वाहत होतं. कुंड्या न्हाऊन निघाल्या होत्या. मी खिडकीतून बघत होते आणि मनात हिशेब करत होते. टाकी भरली म्हणजे माझ्या नळीचं काम संपलं. आणि दसरा दरवर्षी येतो.

दुपारी सेक्रेटरी आत आले. छत्री मिटली नव्हती, घंटी हातात होती. मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मॅडम, पाऊस लई झाला."

"झाला."

"आता तुमच्या पाण्याची गरज न्हाई."

जिना, चढ, खोकी, सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं.

"पण संस्था एकदा काढली की पाणी भरपूर हाय म्हणून बंद करता येत न्हाई," ते म्हणाले. "सभासद नाराज होतात. एसी कावून बंद केलाय?"

मी एसी लावला. ते तसेच छत्री घेऊन मागच्या दाराने परसात गेले, आणि धो धो पावसात ते मोठं पातेलं माझ्या नळीखाली नीट सरकवून ठेवलं.